बाबांचा इंग्रजी अर्ज

चुकीचं इंग्रजी समोर आलं की माझं डोकं फिरतं. आज एवढं वय झालं, दात गेले, तरी हे खूळ काही जात नाही. इंग्रजीत छापलेल्या लग्नपत्रिकेत एखादं वाक्य चुकलेलं दिसलं तर मी अक्षता टाकायच्या आधी वधूपित्याला गाठतो. घरचे म्हणतात, हा मास्तर सरणावरही लाल शाईची दौत घेऊन जाईल. म्हणोत बापडे. ज्या कामानं जन्मभर पोट भरलं ते अंगात मुरणारच. पण या कामातली एक गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. बायकोला अर्धी माहीत होती. आता लपवायचं कोणापासून, म्हणून लिहायला बसलो आहे.

तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेला होता आणि सरकारात काही मागायचं तर नागपूरकडे तोंड करावं लागे. मी चिखलीला एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. शाळा सरकारी ग्रँटवर चालायची. मॅट्रिकच्या पेपरात चुकीची वाक्यं देऊन ती शुद्ध करा असा प्रश्न हमखास यायचा आणि त्या प्रश्नासाठी आसपासच्या खेड्यांतली पोरं माझ्याकडे यायची. आमच्या पोरांच्या चुका ठरलेल्या. ‘मले दोन भाऊ हायेत’ हे मनात धरून पोरगा लिहिणार, ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स.’ ‘तो दोन महिन्यांपासून आजारी हाय’ याचं करणार, ‘ही इज इल सिन्स टू मंथ्स.’ वऱ्हाडीत सरळ चालणारं वाक्य इंग्रजीत नेलं की लंगडायचं. मी ते शंभर वेळा सांगायचो, एकशे एकाव्या वेळी वही खिडकीतून बाहेर फेकायचो. पोरगा निमूट जाऊन धूळ झटकून ती परत आणायचा.

माझी तपासायची पद्धत ठरलेली होती. चुकीच्या शब्दावर लाल रेघ, वर बरोबर शब्द, बाजूला माझी छोटी सही, आणि पान संपलं की खाली गोलात चुकांचा आकडा. दुसऱ्या दिवशी पोरानं तोच मजकूर कोऱ्या पानावर स्वच्छ लिहून आणायचा. लाल झालेलं पान म्हणजे कच्चं. ते कोणी कोणाला दाखवत नसे, घरी चुलीत जायचं. हे माझ्या वर्गातल्या सगळ्यात मठ्ठ पोरालाही सांगावं लागत नसे.

बाबा पटवारी होते, पिंपळगाव राजाजवळच्या एका खेड्याचे. आजोबाही पटवारीच. बाबांचं मोडी अक्षर बघत राहावं असं होतं. इंग्रजीच्या त्यांनी लहानपणी दोन यत्ता केल्या होत्या, तेवढ्यावर गाडी थांबलेली. त्यांच्या कामात एक नियम होता आणि बाबा तो देवपूजेसारखा पाळत. दप्तरातलं पान कधी बदलायचं नाही. नोंद चुकली तर खरवडायची नाही, आणि पान फाडून नवं लिहायचं तर नावच काढायचं नाही, तो गुन्हा. चुकीवर एक बारीक आडवी रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे. मग तपासणीला रेव्हेन्यू इन्स्पेक्टर यायचा, लाल शाईनं वर बरोबर नोंद लिहायचा आणि बाजूला छोटी सही करायचा. झालं, नोंद पक्की. गावात लाल शाई दुसऱ्या कोणाकडे नसायची. शेताच्या नोंदीवर लाल अक्षर दिसलं की लोक निर्धास्त होऊन घरी जायचे. ‘लाल झालं म्हणजे झालं,’ असं बाबा म्हणत. हे सगळं मी पाळण्यात होतो तेव्हापासून बघत आलो होतो.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा इंग्रजीत आपटला. दोन्ही वेळा त्याला शिकवायला मीच होतो, आणि सांगायला लाज वाटते, माझ्या हातचा सगळ्यात जास्त मार त्यानंच खाल्ला. त्याला राग यायचा नाही. मी सुट्टीत घरी गेलो आणि त्याच्या बोलण्यात काही दुरुस्त करायला लागलो की हसायचा. ‘दादा, घरी तरी शाळा भरवू नको न,’ म्हणायचा. चिखलीला मास्तरकी करता करता मी पुणेरी बोलायला लागलो होतो, घरातही तेच बोलायचो, आणि माझं ‘मला-तुला’ ऐकून तो आईकडे बघून डोळे मिचकावायचा. शिक्षण सोडून तो शेती बघत होता. आईचा जीव त्याच्यात जास्त होता आणि मला त्याचं वाईट वाटायचं नाही, कारण माझाही होता.

ज्या वर्षी सरकारी रानातलं गवत कापून कायदा मोडायची लाट आली त्या वर्षी तो विळा घेऊन जळगाव जामोदकडे गेला. सातपुड्याच्या पायथ्याशी रानात शिरून लोकांनी गवत कापलं, यानंही कापलं. जो तो हसत पोलिसांच्या हवाली झाला म्हणे. त्याला सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि जिल्ह्याबाहेरच्या तुरुंगात नेलं. मला कळलं तेव्हा मी घरात आदळआपट केली. गवत कापून कुठं राज्य मिळतं का, बापाची सरकारी नोकरी, भावाची ग्रँटची शाळा, याला काही अक्कल? बायको म्हणाली, ‘हळू बोला, शेजारी ऐकतात.’ त्या एका वाक्यानं माझा आवाज जो बसला तो बसलाच.

दोन दिवसांनी हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं. चहा दिला. म्हणाले, ‘आपली शाळा ग्रँटवर आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. जरा जपून असा.’ बस, एवढंच. धमकी नाही, काही नाही. पण मी त्या दिवसापासून शाळेत भिंतीच्या कडेनं चालायला लागलो.

चार महिने गेले. बाबांना तुरुंगातून एक-दोन पत्रं आली, त्यात सगळं ठीक. मग पिंपळगाव राजाचा एक मणियार सुटून आला. खांद्याला बांगड्यांची पेटी लावून गावोगाव हिंडणारा हा गडी धाकट्याच्या बरोबरच गवत कापून आत गेला होता. त्याची शिक्षा थोडी, म्हणून तो आधी सुटला. घरी जायच्या आधी तो आमच्या दारात आला आणि बाबांना म्हणाला, ‘पटवारीसाब, लडके को जल्दी बाहर निकालो. दो महीने से पेट में कुछ ठहरता नहीं, खून जाता है. चिठ्ठी में वो लिखता नहीं, माँ घबराएगी बोलता है.’ आई आत चुलीपुढं होती. तिनं ते ऐकलं.

बाबा दुसऱ्याच दिवशी मोटारीनं चिखलीला माझ्याकडे आले. एवढ्या वर्षांत ते कधी न कळवता आले नव्हते. धोतराला मोटारीची धूळ, हातात कापडी पिशवी. पाणी प्यायच्या आधी म्हणाले, ‘जिल्ह्याच्या मोठ्या साहेबाले अर्ज कराचा हाय. आजारी हाय म्हणून सोडा म्हणाचं. मराठीत केला तं कारकुनापाशी पडते, मंग इंग्रजीत तरजुमा, मंग महिना. इंग्रजी कागद सीधा साहेबाच्या टेबलावर जाते. तू लेहून दे.’

पैसे घेऊन अर्ज लिहिणाऱ्या अर्जनवीसाकडून का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाले, ‘त्याच्या अर्जात साऱ्याइचे पोरं सारखेच आजारी असतात. साहेबाले पाठ झालं ते.’

शाळेचा शिक्षणखात्याच्या इन्स्पेक्टरशी आणि ग्रँटसाठी मोठ्या साहेबांशी होणारा सगळा पत्रव्यवहार माझ्या हातचा असायचा. माझं अक्षर साहेबांच्या ऑफिसात ओळखीचं होतं, आणि एका राजकीय कैद्यासाठी केलेल्या अर्जावर ते दिसलं तर काय होईल, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं. खरं म्हणजे काहीच आलं नाही, नुसती भीती आली. मी भ्यालो. आज याला मी दुसरं नाव देणार नाही. पण त्या वेळी मी बाबांना असं सांगितलं, ‘बाबा, तुम्ही स्वतः लिहा. बापाच्या हातचा, बापाच्या शब्दांतला अर्ज असला की साहेबाच्या मनाला भिडतो. मी लिहिला तर तो मास्तरचा निबंध होईल. तुम्ही लिहा, मी तपासून देतो.’

थाप किती सुबक होती! बाबांना ती पटली. पटली म्हणजे एवढी की त्यांच्या चेहऱ्यावर जरा हुरूपच आला. ‘हाव, हे बराबर बोलला तू,’ म्हणाले. ‘आपल्या हातचं असलं पाह्यजे.’

मग ते दोन दिवस माझ्या ओसरीवर बसून होते. पोरांची पहिल्या-दुसऱ्या इयत्तेची इंग्रजी पुस्तकं आणि एक फाटकी डिक्शनरी मी त्यांच्यापुढं टाकली. पन्नाशी उलटलेला माणूस, चष्मा कपाळावर, ओठ हलवत एकेक शब्द शोधत होता. मधूनच विचारायचे, ‘अशक्त झाला, याले काय म्हणतात?’ मी आत वह्या तपासत असायचो, तिथूनच ओरडून शब्द सांगायचो. तिसऱ्यांदा विचारलं की माझा आवाज चढायचा. बायको त्यांना चहा नेऊन द्यायची आणि माझ्याकडे रागानं बघायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत जायला निघालो तेव्हा त्यांनी कागद पुढं केला. फुलस्केपचं एक पान, समास सोडलेला, ओळी पट्टीनं आखलेल्या. अक्षर लहान पोराचं असावं तसं सुटं सुटं, पण एकही डाग नाही. खाली स्वतःचं नाव, आणि नावाखाली हुद्दा, पटवारी, मौजे अमुक. त्यांनी हुद्दा घातला होता. नोकरी त्यांचीही होती, सरकारी होती, माझ्यापेक्षा जास्त सरकारी होती. ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

मी वाचायला लागलो. ‘आय अ‍ॅम हॅविंग टू सन्स.’ पुढं, ‘माय यंगर सन इज इल सिन्स टू मंथ्स.’ पुढं, ‘हिज मदर इज नॉट टेकिंग फूड.’ पहिल्याच ओळीत माझं डोकं फिरलं. ज्या चुकांसाठी मी पोरांच्या वह्या फेकत आलो त्याच सगळ्या इथं ओळीनं बसल्या होत्या. खरं तर डोकं दुसऱ्याच कशानं फिरलं होतं, पण हात चालायला चूक दिसली की पुरे. ‘बाबा, पाचवीतलं पोरगंही असं लिहीत नाही,’ मी म्हणालो. ते ओशाळं हसले. ‘तं कर न दुरुस्त,’ म्हणाले. ‘त्याच्यासाठीच तं तुझ्यापाशी आलो.’

मी दौत ओढली आणि वहीवर चालवतो तसा हात चालवला. रेघ, वर शब्द, बाजूला छोटी सही. रेघ, शब्द, सही. हे सवयीनं होत होतं, मी त्याकडे बघतही नव्हतो. पान संपलं तसा खाली गोल काढून चुकांचा आकडाही टाकला. एकोणीस. शाळेची घंटा ऐकू आली. मी कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, ‘घ्या. आता यात एकही चूक नाही. पाठवून द्या.’

आणि मी शाळेत गेलो. त्यांच्याबरोबर पाच मिनिटं बसलो असतो, स्वच्छ लिहून काढा एवढं बोललो असतो, तरी पुष्कळ होतं. पण मला वाटलं, हे काय सांगायचं? लाल झालेलं पान पुन्हा लिहायचं असतं हे कोणाला माहीत नसतं?

बाबांना माहीत नव्हतं. त्यांना जे माहीत होतं ते बरोबर उलटं होतं. त्यांच्या जन्मात त्यांनी लाल शाईची दुरुस्ती झालेलं पान कधी बदललं नव्हतं. ते बदलणं म्हणजे दप्तर खोटं करणं. त्यातून मी त्यांना सांगून ठेवलेलं, बापाच्या हातचं अक्षर असलं पाहिजे. त्यांचं अक्षर होतं, इंग्रजीच्या मास्तरची तपासणी होती, प्रत्येक दुरुस्तीला सही होती. याहून पक्का कागद त्यांनी आयुष्यात पाहिला नसेल. दुपारच्या मोटारीनं निघताना ते माझ्या बायकोला म्हणाले, ‘सूनबाई, पोरानं लय जीव लावून तपासलं. खाली नंबरबी टाकून देल्ला.’ तो एकोणीसचा आकडा त्यांना जावक नंबर वाटला होता. बायकोलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. संध्याकाळी तिनं मला एवढंच सांगितलं की मामंजी खुशीत गेले. मला बरं वाटलं.

खामगावला उतरून त्यांनी तो कागद तसाच रजिस्टर पोस्टानं पाठवला.

मग वाट बघणं. मी चिखलीला, ते गावाला. एक आठवडा, दोन आठवडे. इंग्रजी कागद सरळ टेबलावर जातो म्हणणारा माणूस रोज डाकवाल्याच्या वाटेवर जाऊन उभा राहायचा, असं आईनं पुढं सांगितलं. तिनं तोवर एक वेळचं जेवण सोडलं होतं. अर्जात बाबांनी लिहिलेलं ते वाक्य खरं होतं, मी त्यातला फक्त काळ बदलला होता.

तिसरा आठवडा सरत आला तेव्हा बाबा पुन्हा माझ्या दारात उभे राहिले. या वेळी त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही. पिशवीतून लिफाफा काढून माझ्यापुढं धरला. ‘परत आलं,’ म्हणाले. ‘सही तं हाय न तुझी? नंबर हाय. मंग काऊन परत आलं?’

मी लिफाफ्यातून कागद काढला. माझाच लाल कागद. क्षणभर मला कळेचना हा इथून कुठं गेला होता आणि कुठून आला. मग कळलं. त्याला एक चिठ्ठी टाचलेली होती, इंग्रजीत, दोन ओळींची. अर्जात दुसऱ्या हातच्या दुरुस्त्या फार असल्यानं तो विचारात घेता येत नाही, स्वच्छ प्रत पाठवावी. त्यात कोणाचं काही चुकलं होतं असं मी म्हणणार नाही. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मीही परतच केला असता.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘काय म्हणते?’

‘स्वच्छ प्रत मागतात,’ मी म्हणालो.

‘चुका लय झाल्या म्हणते का?’

मी तिथंच बसलो, कोरा कागद घेतला आणि पंधरा मिनिटांत अर्ज माझ्या हातानं लिहून काढला. माझं ओळखीचं, वळणदार अक्षर. अक्षर कोण बघेल, नोकरी राहील की जाईल, यातलं काही तेव्हा मनात आलं नाही. पंधरा मिनिटांचं काम होतं ते. बाबांनी खाली सही केली. शाळेत निरोप पाठवून मी त्यांच्याबरोबर मोटारीत बसलो आणि आम्ही तो कागद साहेबांच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिला.

पाचव्या दिवशी सुटकेचा हुकूम निघाला.

मला कोणी काही विचारलं नाही. हेडमास्तरांनी नाही, इन्स्पेक्टरनं नाही. अक्षर कोणी ओळखलं की नाही तेही मला कधी कळलं नाही. पुढं मी त्याच शाळेत पंचवीस वर्षं नोकरी केली आणि इज्जतीनं निवृत्त झालो. ज्याला मी भ्यालो ते कधी झालंच नाही.

धाकट्याला आणायला मी आणि बाबा गेलो होतो. त्याला तुरुंगाच्या दोन शिपायांनी धरून बाहेर आणलं. मी त्याला ओळखलं ते हसण्यावरून. आगगाडीत तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता आणि त्याचं वजन मला जाणवत नव्हतं. खामगावहून बैलगाडीत गवत घालून, त्यावर गोधडी टाकून गावी नेलं. तशातही त्याला थट्टा सुचली. ‘दादा, गवताची शिक्षा अजून सरली नाही बरं,’ म्हणाला. बाबांनी तोंड फिरवून बैल हाकले.

घरी तो आठ दिवस होता. खामगावचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या खेपेला हात धुताना अंगणात म्हणाले, ‘उशीर झाला. पंधरा-वीस दिवस आधी हाती लागला असता तर काही करता आलं असतं.’ त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत? त्यांनी आपलं साधं सांगितलं. बाबा लोट्यानं त्यांच्या हातावर पाणी घालत होते. ती धार थांबली. मी बघितलं तर ते बोटांवर काहीतरी मोजत उभे होते.

पाचव्या-सहाव्या दिवशी धाकट्याला जरा हुशारी वाटली. मी उशाशी बसलो होतो. तो म्हणाला, ‘दादा, बाबानं इंग्रजीत अर्ज लेहला म्हणे माह्यासाठी?’ मी हो म्हणालो. ‘बाप्पा!’ त्याच्या चेहऱ्यावर एवढं कौतुक आलं की बघवेना. ‘किती मार्क देल्ले मग तू बाबाले?’

मी त्याची गोधडी सारखी करायला लागलो. त्याला वाटलं मी आकडा आठवतोय. ‘पास तरी केलं का नाही?’ म्हणाला आणि स्वतःच हसला. हसण्यानं त्याला खोकला आला, मग मी पाणी पाजलं आणि तो विषय गेला. आठव्या दिवशी पहाटे तो गेला. आईनं हंबरडा फोडला तो वेशीपर्यंत ऐकू गेला असेल. बाबा रडले नाहीत. दुसऱ्याचं सुतक असावं तसे लोकांना बसायला चटया देत फिरत होते.

पुढं कळलं ते आईकडून. तेराव्यानंतर मी चिखलीला परत निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘तुझे बाबा म्हणते, माह्या इंग्रजीनं पोरगं गेलं. एकोणीस चुका केल्या म्हणते. येवढ्या चुका होत्या तं तूच काऊन नाही लेहून देल्ला रे?’

नंबर नव्हता, चुकांचा आकडा होता, हे बाबांनी कधी आणि कसं शोधून काढलं मला माहीत नाही. मी पायातल्या वहाणांकडे बघत म्हणालो, ‘आई, शाळा होती.’ तिनं माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली. मग ‘बरं, जा, मोटार चुकल,’ म्हणाली. तिनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मला वाटतं तिला कळलं होतं. आयांना कळतं, आणि उरलेला एकच पोरगा, त्याला कुठं टाकायचा म्हणून गप्प बसली असेल.

बाबांनी मात्र सगळं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. त्यांनी इंग्रजी सोडलं नाही, उलट धरलं. रोज दिवेलागणीला दप्तर बांधून झालं की पोरांचं व्याकरणाचं पुस्तक घेऊन बसायचे. मी सुट्टीत गेलो की वही पुढं यायची. ‘पाह्य बरं, इथं सिन्स पाह्यजे का फॉर?’ साठीचा म्हातारा परीक्षेला बसल्यासारखा माझ्या बोटाकडे बघत राहायचा. मी पेन्सिलीनं हलकीशी खूण करायचो. त्यांच्यावर मी परत कधी आवाज चढवला नाही. लोक म्हणायचे, भाऊ गेल्यापासून मास्तर निवळले. वर्गात मी होतो तसाच होतो, वह्या खिडकीबाहेर जातच होत्या. फक्त बाबांच्या समोर मला राग यायचा नाही. प्रत्येक सुट्टीत ठरवून जायचो, या वेळी सांगायचंच. बाबा, तुमच्या चुकांनी काही झालं नाही. तो अर्ज मी लिहायचा होता, मी भ्यालो आणि तुमच्या अंगावर ढकलला. हे मी मोटारीत बसून मनात घोकायचो. मराठीतली चार साधी वाक्यं, तीही कधी तोंडातून बाहेर पडली नाहीत.

बाबांचं शेवटचं दुखणं दीड महिना चाललं. मी रजा काढून त्यांच्याजवळ होतो. एका दुपारी आई बाहेर धान्य वाळत घालत होती, घरात आम्ही दोघंच. ते डोळे मिटून पडले होते, मला वाटलं झोपले. एकाएकी म्हणाले, ‘खरं सांग. माह्याच चुकांनी गेला न तो?’

‘नाही बाबा,’ मी म्हणालो. ‘तुमच्या चुका तर पोरंही करतात. तसल्या चुकांनी कोणी जात नाही.’

‘माहं मन राखू नको.’

‘मन राखत नाही, बाबा. तो अर्ज मीच लिहायला पाहिजे होता. मला...’

एवढं मी बोललो. पुढचा शब्द ‘भीती’ हा होता. तो ओठांवर आला होता, अजून एका श्वासाचं काम होतं. पण बाबांनी डोळे उघडले आणि अंथरुणावरून हात सरकवत माझा हात धरला. त्यांना वाटलं, पोरगा बापाचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायला बघतोय. माझी दया येऊन त्यांचे डोळे भरले.

‘तू कायले जीवाले लावून घेतं?’ ते म्हणाले. ‘तुझी काय चूक? तू तं सारं दुरुस्त करून देल्लं होतं.’

मी हो म्हणालो.